नव्या मातीची वही

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक सकाळ अशी येते, की घरात काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. अर्धा चहा संपल्यावर लक्षात येतं, एसी बंद आहे. एप्रिलपासून कानाशी चाललेली ती घरघर थांबलेली असते. मग खिडक्या उघडतात, आणि इतके महिने काचेमागे राहिलेली माणसं एकमेकांना ऐकू येऊ लागतात. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, शेजारच्या इजिप्शियन बाईंचं "यल्ला, यल्ला" म्हणत मुलांना बसकडे पिटाळणं, खालच्या पार्किंगमध्ये टेनिसच्या चेंडूनं रंगलेलं क्रिकेट. शारजात हिवाळा असा कानांनी येतो. चौकाचौकात म्युनिसिपालिटीची माणसं पिटुनियाची रोपं लावत बसलेली दिसतात. तांबूस माती ट्रकमधून येते, वाळूवर वीतभर थर पसरतात, आणि आठवड्यात सगळं जांभळं-गुलाबी होऊन जातं.

इथल्या प्रत्येकाला हा ऋतू प्रिय आहे. शुक्रवारी पार्कात चटया पसरल्या जातात, कोळशावर कणसं भाजली जातात, पुण्या-मुंबईहून आईवडील दोन-अडीच महिन्यांसाठी येतात. मलाही तो आवडायचा. अजूनही खिडकी उघडल्यावर पहिल्या क्षणी बरंच वाटतं. दुसऱ्या क्षणी सत्त्याण्णवचा डिसेंबर आठवतो, त्या हिवाळ्यात आलेल्या खांबेटे मॅडम आठवतात, आणि मी खिडकी पुन्हा लोटून घेते.

मॅडम माझ्या गाईड होत्या. लग्न होऊन इकडे येण्याआधी मी पुण्यात त्यांच्याकडे पीएच. डी. करत होते. विषय सांगितला की लोक हसायचे. हिमाचलातल्या एका हिमनदीच्या तोंडाशी नुकत्याच उघड्या पडलेल्या जमिनीत उगवणाऱ्या रोपांच्या मुळांभोवतीचे जिवाणू. माझ्या सासूबाईंनी पहिल्या भेटीत शांतपणे विचारलं होतं, "आणि त्यांचं पुढं काय करायचं?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. मॅडमना आलं असतं. त्या म्हणायच्या, बर्फ मागे सरतो तेव्हा खाली राहते ती माती नसतेच, नुसता दळलेला दगड असतो. त्यात कुजलेलं काही नाही, नत्र नाही, पाणी टिकत नाही. तिथं पहिलं रोप कुणाच्या जिवावर उगवतं, एवढंच आपल्याला शोधायचंय.

दोन उन्हाळे मी तिथं गेले. पहिल्या वर्षी मॅडमही होत्या, पन्नाशी उलटलेल्या, साडीवर स्वेटर आणि पायात पुरुषी बूट. खेचरांवर सामान टाकून दोन दिवस चढायचं. वर गेल्यावर राखाडी पाण्याचा आवाज आणि त्यामागं बर्फाची मळकट भिंत. हिमनदी कुठल्या वर्षी कुठवर होती त्याच्या खुणा कुणीतरी दगडांवर लाल रंगानं करून ठेवल्या होत्या. आम्ही त्या खुणांच्या मधल्या पट्ट्यांत खणायचो. भिंतीजवळची जमीन पाचेक वर्षांची, खालच्या कुरणाकडची शंभराच्या वर. नव्या पट्टीत चालताना पायाखाली सगळं करकरायचं आणि वीस-पंचवीस पावलांमागे एखादं रोप दिसायचं, बोटाच्या पेराएवढं. ते रोप मुळासकट काढायचं, मुळाला चिकटलेली माती वेगळी घ्यायची, मग चार बोटांवरची, मग वीतभर लांबची. हात इतके गारठायचे की पेन्सिल धरवत नसे. तरी नोंद जागेवरच करायची असा मॅडमचा नियम होता. तंबूत जाऊन आठवून लिहिलेलं त्यांना चालायचं नाही.

पुण्याला परतल्यावर त्या मातीतले जिवाणू काचेच्या नळ्यांत, पोषक जेलीवर वाढवले. दोनशेच्या वर नळ्या झाल्या. कोल्ड रूममध्ये चार अंशावर, लाकडी स्टँडमध्ये ओळीनं. नळीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुठल्या पट्टीतला, कुठल्या रोपाचा, मुळापासून किती अंतरावरचा, हे सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या लाँगबुकात. पहिल्या मोजणीतच काहीतरी दिसू लागलं होतं. बर्फाजवळच्या जमिनीत मुळाशी जिवाणूंची गजबज आणि वीतभर बाजूला शुकशुकाट. खालच्या जुन्या मातीत हा फरक मिटत जातो असं आम्हाला वाटत होतं. वाटत होतं एवढंच म्हणता येतं. सिद्ध करायचं राहून गेलं, आणि ते माझ्यामुळे राहून गेलं.

लग्न ठरलं तेव्हा शिरीष शारजात होता, एका कन्सल्टन्सीत ड्राफ्टिंग करत होता. मी मॅडमना सांगितलं, सहा महिन्यांत परत येते, उरलेलं काम करते आणि तिकडे बसून थीसिस लिहिते. म्हणूनच वही बरोबर नेली. मॅडम हो म्हणाल्या. त्या वेळी त्यात काहीच वावगं नव्हतं, हे मी स्वतःला आजही सांगते. मग व्हिसाचं काम लांबलं, मग दिवस राहिले, सानिका झाली, आणि ती दीड वर्षाची होताहोता दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत मला सायन्स टीचरची नोकरी लागली. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. वही बेडरूममधल्या कपाटावरच्या सूटकेसमध्ये होती.

मधल्या काळात मॅडमची पत्रं यायची. एका पत्रात त्यांनी लिहिलं, संगीता नावाची साताऱ्याची मुलगी माझ्याकडे आली आहे, हुशार आहे, हात स्वच्छ आहे, तुझ्या नळ्यांचं काम मी तिच्याकडे देत आहे, तुझं नाव पहिलं राहील, तेवढी वहीची झेरॉक्स पाठव. मी उत्तर लिहिलं की वही पुण्याच्या सामानात राहिली असावी, शोधायला सांगते. ते पत्र लिहिताना सूटकेस माझ्या डोक्यावर होती.

का लिहिलं तसं? त्या वेळी मला कारण विचारलं असतं तर मी रागावले असते. आज सरळ सांगते. मला संगीताचा मत्सर वाटला. मी न पाहिलेल्या त्या मुलीचे स्वच्छ हात माझ्या नळ्यांना लागणार, मॅडम तिच्या खांद्यावरून वाकून मायक्रोस्कोपात बघणार. मी इथं शारजाच्या अल नहदात, बाल्कनीत वाळत घातलेल्या दुपट्यांमागून समोरच्या रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर चालणारी क्रेन बघत बसणार. वही जवळ होती तोवर मी पीएच. डी. सोडलेली नव्हती, थांबवलेली होती. आमच्या बिल्डिंगच्या खाली एका मल्याळी माणसाचं झेरॉक्सचं दुकान होतं. रोज शाळेची बस पकडायला मी त्याच्यासमोरून जायचे आणि तो "टीचर, गुड मॉर्निंग" म्हणायचा.

आणि मग त्या डिसेंबरात मॅडम स्वतःच आल्या. त्यांचा मुलगा समीर ऊद मेथाला राहायचा, एका बँकेत होता. मॅडमना निवृत्त व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. साठलेली रजा काढून त्या त्याच्याकडे अडीच महिने आल्या होत्या. मला कळलं ते शाळेच्या गेटवर. सुट्टीच्या वेळी मुलांच्या लोंढ्यातून बाहेर पडले तर समोर मॅडम उभ्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा, खांद्याला शबनम. घर दोन गल्ल्यांवर होतं म्हणून चालत आल्या होत्या. मी वाकले तर त्यांनी मला मध्येच धरलं आणि माझ्या बोटांवरचा खडू झटकला.

त्यानंतर दर गुरुवारी त्या आमच्याकडे यायच्या. शिरीष ऑफिसातून येताना त्यांना घेऊन यायचा. त्यांनी वहीचा विषय काढला नाही. डब्यातून वाटली डाळ आणायच्या, सानिकाला मांडीवर घ्यायच्या आणि बाल्कनीतल्या कढीलिंबाच्या कुंडीत बोट खुपसून माती हुंगायच्या. म्हणायच्या, ही इथली नाही, कुठून तरी आणलीय, हिला अजून वाळवंट ठाऊक नाही. सानिका तेव्हा दोनच वर्षांची होती, पण शेजारच्या मुलांमुळे इंग्रजीच बोलायची. मॅडमनी तिला सांगितलं, या मातीत खूप छोटी छोटी बाळं असतात, ती झाडाला भरवतात आणि झाड त्यांना भरवतं. तिनं विचारलं, "दे स्लीपिंग?" मॅडम जरा विचार करून म्हणाल्या, काही झोपलेली असतात, काही वर्षानुवर्षं झोपतात, कुणीतरी उठवेपर्यंत. मुलांशीही त्या खोटं बोलत नसत.

संगीताबद्दल मात्र त्या बोलायच्या. नळ्यांतली जेली वाळते, म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक जिवाणू नव्या नळीत हलवावा लागतो. दोनशेच्या वर नळ्या, एकेक करून, ज्योतीपाशी बसून. संगीता ते दोन वर्षं करत होती. कोण कुठला हे तिला माहीत नव्हतं, तरी तिनं एकही मरू दिला नव्हता. मॅडमनी हे कौतुकानं सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता. मी पोळ्या लाटत होते. माझी पाठ त्यांच्याकडे होती ते बरं झालं.

एकदा मॅडमना जरा चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा मी त्यांना बेडरूममध्ये झोपवलं. तासाभरानं चहा घेऊन गेले तर त्या जाग्या होत्या, उताण्या पडून कपाटाच्या वरच्या बाजूकडे बघत होत्या. सूटकेसवर अजून पुणे-मुंबई-शारजाचे टॅग लोंबत होते. मॅडम म्हणाल्या, "आलं घातलंस का गं चहात?" आणि उठून बसल्या.

त्या वर्षी जानेवारीत इथं चांगला पाऊस झाला. दोन दिवस सलग पडला, रस्त्यांवर पाणी साचलं, शाळा लवकर सुटली. पुढच्या शुक्रवारी शिरीष म्हणाला, मॅडमना पूर्व किनारा दाखवू, खोर फक्कानला जाऊ. मी पराठे केले, थर्मास भरला. धैदपर्यंत सपाट वाळू, मग उंटांचे कळप, मग मसाफीच्या अलीकडून डोंगर सुरू होतात. काळेतपकिरी, उघडे, सुरकुतलेले. त्यांच्यावर एक झाड नाही. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि जसजसे डोंगर जवळ आले तसतशा काचेकडे वाकत गेल्या. मग म्हणाल्या, "शिरीष, जरा थांबवता का गाडी?"

रस्त्याच्या कडेला वादी होती, म्हणजे डोंगरातून येणारा कोरडा ओढा, आठवड्यापूर्वीच्या पावसानं धुतलेला. गोट्यांच्या आणि रेतीच्या मध्ये हिरवे ठिपके उगवले होते. कुठंकुठं गवताचे झुबके. मॅडम पदर खोचून उतरल्या. मुलाचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या त्या बाई दगडांवरून इतक्या सराईत चालत गेल्या की मला एकदम वरची हवा आठवली, राखाडी पाण्याचा आवाज आठवला. त्यांनी डब्यातला स्टीलचा चमचा मागितला. गुडघ्यावर बसून त्यांनी गवताचा एक झुबका हळूहळू मोकळा केला. त्याची मुळं वर आली तेव्हा मी पाहतच राहिले. प्रत्येक मुळावर वाळूची बाही चढलेली होती. झटकली तरी सुटेना.

"मूळ चिकट काहीतरी सोडतं, जिवाणू त्यात भर घालतात, आणि वाळू धरून ठेवतात," मॅडम म्हणाल्या. "तिथं थंडी, इथं ऊन. पण बघ, करायचं काम तेच." त्या हसल्या. त्यांचा तो चेहरा मी पुण्याच्या लॅबमध्ये दोन-तीनदाच पाहिला होता. त्या क्षणी मी पुन्हा त्यांची विद्यार्थिनी होते. मी पण गुडघ्यावर बसले, वीतभर लांबची रेती मुठीत घेतली आणि सोडली. ती बोटांतून सरसर गेली. आम्ही दोघी काही न ठरवता मुळाशी, चार बोटांवर, वीतभर लांब, असं पुन्हा करू लागलो. शिरीष सानिकाला कडेवर घेऊन गाडीपाशी उभा होता. तो नंतर म्हणाला, तुला इतकं खूश मी इथं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हाच मॅडमनी विचारलं. चमचा रुमालाला पुसत, माझ्याकडे न बघता.

"वृषाली, ती वही तुझ्याकडे आहे का गं?"

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "पुण्याला सासरी माळ्यावर असेल."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "संगीताला मी परत वर पाठवू शकते. पण तू खणलंस ती जमीन तेव्हा पाच वर्षांची होती. ती आता नऊची झाली. आणखी वर नवी पट्टी उघडी पडली असेल, पण ती वेगळी जमीन, वेगळी रोपं. ती पाच वर्षांची माती आता फक्त त्या नळ्यांत आहे. आणि नळ्यांना बोलता येत नाही."

मी म्हणाले, मी सासूबाईंना फोन करते, पुन्हा शोधायला सांगते. मॅडम म्हणाल्या, सापडली तर बघ. मग त्यांनी तो झुबका होता त्या जागी परत लावला, भोवती रेती दाबली, थर्मासमधलं थोडं पाणी घातलं. खोर फक्कानला आम्ही किनाऱ्यावर बसून पराठे खाल्ले. बंदरातल्या क्रेन कंटेनर उचलत होत्या, सानिका लाटांना भिऊन ओरडत होती आणि मॅडम तिचा हात धरून पाण्यात उभ्या होत्या. त्या दिवशी मी अर्धा दिवस सुखी होते, हे मला आजही खुपतं. खोटं बोलल्यावर सुख संपायला हवं होतं. ते संपलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्या परत जाणार होत्या. जाण्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर मी खुर्चीवर चढून सूटकेस खाली काढली. वही काढली, पिशवीत घातली आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान उघडं होतं, मशीन चालू होतं. दुकान बंद होतं, वीज नव्हती, असं काही मला इथं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्यापुढं एकच माणूस होता, पासपोर्टच्या कॉपी काढणारा. मी उभ्या उभ्या वही उघडली. पेन्सिलीच्या नोंदी, मध्येच एका पानावर चिखलाचा अंगठा, एका पानात सुकलेलं फूल. मला वाटलं, ही दिली की तिथं माझं काहीच उरणार नाही. मला वाटलं, पुढच्या वर्षी सानिका जरा मोठी झाली की मी स्वतःच घेऊन जाईन, मॅडमच्या हातात देईन, माफी मागेन आणि कामाला बसेन. दुकानदारानं हात पुढं केला, "येस, टीचर?" मी म्हणाले, "खलास, कल आऊंगी." आणि वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समीरच्या घरी गेले आणि मॅडमना खजुराचा डबा दिला. बॅगा उघड्याच होत्या. मॅडमनी डबा घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गालावर हात ठेवला. "नीट राहा," म्हणाल्या. त्यापलीकडे काही नाही.

तो पुढच्या वर्षीचा उन्हाळा आला आणि गेला. आम्ही पुण्याला गेलो, पण मी लॅबकडे फिरकले नाही. मॅडमचं पत्र आलं. त्यात पुण्यात आंबा लवकर संपल्याचं होतं, गुडघ्याच्या दुखण्याचं होतं. आणि एका ओळीत, संगीताचा विषय बदलून दिला आहे. वही मिळाली का, हे नव्हतं. त्या प्रश्नाची मी तीन वर्षं धास्ती घेतली होती. तो थांबला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी ते पत्र हातात घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण माझ्याकडून काही अपेक्षा करणारं जगातलं एकुलतं एक माणूस आता अपेक्षा करत नव्हतं.

मॅडम दोन हजार एकमध्ये पावसाळ्यात गेल्या. हार्ट अटॅक, झोपेतच. समीर दिवस करून परत आल्यावर आम्ही त्याला भेटायला ऊद मेथाला गेलो. त्याची बायको आत चहा करत होती. हॉलमध्ये टीव्हीवर मॅडमचा फोटो ठेवला होता, खोर फक्कानच्या पाण्यातला, सानिकाचा हात धरलेला. शिरीषनंच काढला होता तो. समीर आईबद्दल बोलत होता, तिच्या शिस्तीबद्दल, हट्टाबद्दल. बोलता बोलता सहज हसून म्हणाला, "तुम्हाला माहितीये, त्या वेळी परत जाताना तिनं काय केलं? वजन आधीच जास्त झालं होतं, मी म्हणत होतो सामान काढ. तर दोन साड्या काढून इथं ठेवल्या आणि हँडबॅगेत एवढी जागा रिकामी." त्यानं दोन्ही हातांनी लाँगबुकाएवढा आकार दाखवला. "म्हणाली, वृषाली येईल, तिला माझ्याकडे काहीतरी द्यायचंय, ते हातातच न्यावं लागेल. मी म्हटलं काय, तर म्हणाली, ते तिचं तिला देऊ दे. मग तुम्ही खजूर आणलेत. ते काही त्या जागेत मावेनात."

शिरीषला काहीच माहीत नव्हतं. तोही हसला. मी चहाचा कप खाली ठेवला आणि बशीत सांडलेला चहा बघत राहिले. मॅडमना ठाऊक होतं. वादीत विचारलं तेव्हाही ठाऊक होतं, बेडरूममध्ये उताण्या पडल्या होत्या तेव्हाही. खुर्चीवर चढून त्यांनाही ती सूटकेस उघडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही आणि मला खोटारडी म्हटलंही नाही. शेवटच्या सकाळपर्यंत त्यांनी जागा राखून ठेवली.

घरी येताना गाडीत मी शिरीषला सगळं सांगितलं. त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. मग म्हणाला, "त्या संगीताला फोन कर." मी म्हटलं, आता काय उपयोग. तो म्हणाला, "उपयोगासाठी नाही."

समीरकडून तिच्या कॉलेजचा नंबर मिळवायला आणि धीर गोळा करायला मला डिसेंबर उजाडला. एका शुक्रवारी सकाळी, खिडक्या उघड्या असताना, वही मांडीवर घेऊन मी फोन लावला. संगीता साताऱ्याला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती. पीएच. डी.? ती राहिली, म्हणाली. विषय बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं होतं, तोवर लग्न झालं. आवाज शांत होता, मला वाटला होता त्यापेक्षा मोठ्या बाईचा. मी सांगितलं, वही सगळा वेळ माझ्याकडेच होती. मुद्दामच दिली नव्हती. हे वाक्य मी आधी चार वेळा कागदावर लिहून पाहिलं होतं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"नळ्या आता नाहीत, वृषालीताई," ती म्हणाली. "मीच ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून मारल्या. सगळ्या एका दिवसात. नंतर धुऊन पालथ्या घालून ठेवल्या."

मी म्हटलं, विषय बदलल्याचं कळलं तेव्हाच मी ते ओळखलं होतं.

"एकशे बेचाळीस नंबर बघता का जरा?"

मी पानं उलटली. खाली मुलं आऊट की नॉट आऊट यावरून भांडत होती.

"तो चार अंशाला सगळ्यांत आधी उगवायचा," संगीता सांगत होती. "दुसऱ्याच दिवशी. फिकट गुलाबी. बाकीचे आठ-आठ दिवस घ्यायचे. मी त्याला खूप जीव लावला होता. कुठला होता तो?"

मला पान सापडलं. मी वाचलं, "सगळ्यांत नवी पट्टी. बर्फाच्या भिंतीपासून चाळीस पावलं. एकटं रोप, आसपास दुसरं नाही. मुळाला चिकटलेली माती."

"मुळाचाच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं." मग, "बरं. पालक भेटायला आलेत, मला जायला हवं."

मी वही तिला पाठवली. आमच्या ओळखीचं एक कुटुंब सुट्टीला साताऱ्याला जात होतं, त्यांच्या हाती दिली. झेरॉक्स काढून ठेवली नाही. जवळजवळ दोन महिन्यांनी, थंडी सरत आली असताना, पोस्टकार्डावर तिचं उत्तर आलं. चार ओळींचं. वही मिळाली. आता संशोधनाला तिचा उपयोग नाही, पण अकरावीच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या वहीत नोंदी कशा करायच्या ते दाखवायला दर वर्षी काढीन. परवा दाखवली. तुमचं अक्षर सगळ्या मुलांना फार आवडलं.

मी त्या चार ओळींत राग शोधला. पुन्हा पुन्हा शोधला. तो असता तर मी त्याला काहीतरी उत्तर लिहू शकले असते.